एक मिलिमीटरचा पाणभुंगेरा आणि वेगळेपणाचा पुरावा

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



पाण्यात राहणाऱ्या एखाद्या अतिशय बारीक भुंगेऱ्याची नवीन प्रजाती कशी ओळखतात आणि तिचे वर्णन कसे करतात, हा आजचा विषय आहे. पत्रिकेवर तो वाचून आपल्यातील एका ज्येष्ठ उपासकांनी दारातच मला अडवून विचारले, "सर, भुंगेऱ्याचा आणि धम्माचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मी दोन ठिकाणी देणार आहे आणि त्यातले एक उत्तर मला स्वतःलाही पुरते सोपे वाटत नाही. पण आधी भुंगेरा.

फिलिपाइन्स देशाची राजधानी मनिला आणि तिला लागून असलेली शहरे मिळून मेट्रो मनिला होते. २०१५ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १ कोटी २८ लाखांच्या वर होती. म्हणजे आपल्या मुंबईसारखाच प्रकार. गर्दी, वाहने, सिमेंट, तुंबलेले नाले. या महानगरातील क्वेझॉन सिटी भागात अटेनेओ दे मनिला हे जुने विद्यापीठ आहे. १८५९ साली ते जेझुइट पंथीयांनी सुरू केले. विद्यापीठाच्या आवारात झाडीचा एक लहानसा तुकडा शिल्लक आहे. तिथून एक ओहोळ जातो, झाडांच्या सावलीत उथळ डबकी साचतात आणि त्यांत पालापाचोळा कुजत पडलेला असतो. आपण असल्या जागेला काय म्हणतो? घाण. नगरपालिकेला सांगून भराव टाकून घेतो.

या डबक्यांतल्या पाचोळ्यात विद्यापीठातील विद्यार्थ्यांना आणि त्यांचे प्राध्यापक, जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेंड्रिक फ्रायटाग यांना जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा सापडला. तपासाअंती तो विज्ञानाला ठाऊकच नव्हता असे ठरले. २०१७ साली 'बायोडायव्हर्सिटी डेटा जर्नल' या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला नाव मिळाले हायड्रीना अटेनेओ. विद्यापीठाचेच नाव त्याला दिले. त्याच लेखात त्या तुकड्यातील इतर पाणभुंगेऱ्यांचीही नोंद आहे. घनदाट अरण्यात नव्हे, एक कोटीच्या वर माणसे राहतात अशा महानगराच्या पोटात हे घडले. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट नीट मनात ठेवावी, कारण "सर, आमच्याकडे जंगल कुठंय?" हे वाक्य मी वर्गात फार वेळा ऐकले आहे.

एक मिलिमीटर म्हणजे किती? मोहरीचा दाणा सुद्धा साधारणपणे त्याहून मोठा भरतो. खसखशीचा दाणा डोळ्यासमोर आणा. त्याला सहा पाय, दोन डोळे, पाठीवर दोन कडक पंखझाकण्या, त्याखाली घडी घातलेले पंख, पोटात आतडे आणि शरीरात प्रजननाची सगळी व्यवस्था, असे सर्व काही बसवलेले आहे.

हायड्रीना हा वंश म्हणजे पाणभुंगेऱ्यांतला सर्वांत मोठा गोतावळा होय. याच्या नऊशेहून अधिक प्रजातींची नावे आजवर नोंदली गेली आहेत. पाणभुंगेरा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विहिरीत सूर मारणारा काळा, चपटा, पोहणारा किडा येतो. हायड्रीना पोहत नाही. तो पाण्यातील दगडांवर, काड्यांवर, कुजक्या पानांवर रांगतो आणि त्यांवरचे शेवाळ व जीवाणूंचा बुळबुळीत थर खरवडून खातो. काडीवरून हात सुटला तर तो वर तरंगतो आणि मग पाण्याच्या पृष्ठभागाला खालून धरून, पाय वर आणि पाठ खाली करून, छतावरून पाल चालावी तसा चालू लागतो. भिंगातून हे पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास "अरेच्चा" म्हणतो.

त्याच्या श्वासाची रीतही पाहण्यासारखी आहे. पोटाकडच्या बाजूला अतिशय सूक्ष्म केसांची लव असते. ती भिजत नाही. त्या लवेत हवेचा एक पापुद्रा धरून तो पाण्यात वावरतो. हवा ताजी करायची असली की पृष्ठभागाशी येऊन मिशांनी पाण्याचा पडदा फोडतो आणि हवा पोटाखाली ओढतो. आता मिशा या कामाला जुंपल्या, मग वाट चाचपायची कशाने? त्यासाठी तोंडाजवळचे दोन स्पर्शक लांबच लांब झाले आहेत. ते मिशांहूनही लांब असतात. पाहणाऱ्याला तेच मिशा वाटतात. एका अवयवाकडून काम काढून घेतले की दुसरा ते उचलतो, याचा याहून सुटसुटीत दाखला वर्गात देता येणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हा भुंगेरा 'नवीन' हे ठरवले कसे?

सुरुवात साधीच असते. पांढरा ट्रे, चहाची गाळणी, बारीक चिमटा, लहान बाटल्या आणि अल्कोहोल. पाचोळा, काठाची ओली वाळू, दगडावरचे शेवाळ गाळणीत घेऊन ट्रेमध्ये पाण्यात सोडायचे आणि स्वस्थ बसायचे. हे स्वस्थ बसणे महत्त्वाचे. पाच-दहा मिनिटांत गाळ खाली बसतो आणि काही ठिपके हलू लागतात. हलणारा ठिपका म्हणजे जीव. हवा तो नमुना बाटलीत जातो आणि त्याच वेळी बाटलीत चिठ्ठी जाते. गाव, ओढा, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, पाणी वाहते की साचलेले, ऊन की सावली. ही चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, कारण बहुतेक पेनांची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी नसलेल्या नमुन्याला शास्त्रात काडीची किंमत नाही. तो कितीही दुर्मिळ असो, तो फक्त एक मेलेला किडा राहतो.

पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखाली. पाठीवरच्या खाचा, त्यांच्या ओळी, मानेच्या ढालीचा आकार, पायांची ठेवण, डोक्यावरील ठिपक्यांची दाटी हे सारे पाहायचे. पण हायड्रीनाच्या बाबतीत बाहेरून पाहून भागत नाही. दोन वेगळ्या प्रजातींचे भुंगेरे वरून जुळ्या भावांसारखे दिसू शकतात. खरा फरक असतो नराच्या जननेंद्रियात. सभेत भगिनी आहेत, शाळेतली मुलेही आहेत, परंतु शास्त्राच्या बाबतीत संकोच नको. नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, केसासारख्या बारीक पिनांनी पोटाच्या टोकातून तो अवयव बाहेर काढायचा, लॅक्टिक आम्लात ठेवून पारदर्शक करायचा आणि दोन-तीन बाजूंनी त्याचे चित्र काढायचे. हा अवयव मिलिमीटरचा काही अंश असतो. त्याच्या टोकाला काटा आहे की पाते, तो कुठे वळला आहे, बाजूच्या दांड्यांवर किती केस आहेत, यावरून प्रजाती ठरते. हात थरथरला की अवयव उडून जातो आणि मग टेबलावर शोधत बसावे लागते.

जननेंद्रियातच इतका फरक का, यावर जुने उत्तर 'कुलूप-किल्ली' असे होते. एका प्रजातीची किल्ली दुसऱ्या प्रजातीच्या कुलपाला लागत नाही, म्हणून प्रजाती वेगळ्या राहतात. एकोणिसाव्या शतकात मांडलेले हे उत्तर ऐकायला छान आहे, पण आज बहुतेक अभ्यासक ते पुरेसे मानत नाहीत. माद्यांची निवड आणि नरांमधली चढाओढ यांमुळे हे अवयव लवकर लवकर बदलत जातात, असे मत अधिक मान्य झाले आहे.

एवढे झाले तरी अर्धेच काम झाले. कारण 'नवीन' हा शब्द म्हणजे एक मोठे नकारार्थी विधान आहे. "हा भुंगेरा आजवर वर्णिलेल्या नऊशेंपैकी एकही नाही," असे आपण म्हणत असतो. ते म्हणण्यासाठी त्या प्रदेशातल्या सगळ्या प्रजातींची वर्णने वाचावी लागतात. ती इंग्रजीत असतात, जर्मनमध्ये असतात, फ्रेंचमध्ये असतात, जुनी तर लॅटिनमध्येही असतात. वर्णन वाचून शंका उरली तर मूळ नमुना पाहावा लागतो. तो व्हिएन्नाच्या, लंडनच्या किंवा पॅरिसच्या संग्रहालयात पिनेवर बसलेला असतो. आपल्या देशातून साहेबाने नेलेले किडे साहेबाच्याच कपाटात आहेत, हे त्यातले एक कडवट सत्य.

शिवाय फसगत होण्याच्या जागा पुष्कळ. एकाच प्रजातीचे नर आणि मादी वेगळे दिसतात. नुकताच कोशातून बाहेर पडलेला भुंगेरा फिकट असतो. म्हणून एकाच नमुन्यावर घाईने नवी प्रजाती जाहीर करणे धोक्याचे असते. जुन्या काळात असे खूप झाले. एकाच किड्याला दोन-दोन, चार-चार नावे पडली. पुढे कुणीतरी बसून ती सारी एक असल्याचे दाखवतो, मग नियमाने सर्वांत जुने नाव टिकते आणि बाकीची गळतात. अलीकडे डीएनएचाही आधार घेतात. पेशीतील एका ठराविक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून तुलना करतात. तो आधार चांगला आहे, पण एकट्यावर विसंबून चालत नाही.

इथे मी दारातल्या प्रश्नाचे पहिले उत्तर देतो.

मराठी पाठ्यपुस्तकांत इंग्रजी 'स्पीशीज'ला पूर्वी 'जाती' म्हणत, काही पुस्तकांत अजून म्हणतात. मी मुद्दाम 'प्रजाती' म्हणतो आहे. कारण 'जाती' हा शब्द आपल्या कानांवर फार निराळ्या अर्थाने आणि फार निराळ्या वेदनेने पडलेला आहे. पण पाली भाषेत हाच शब्द आहे आणि त्या शब्दावर तथागतांनी जे सांगितले ते मला प्राणिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थक्क करते. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. मज्झिम निकायातही ते येते. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण वाद घालत भगवंतांकडे येतात. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, हा त्यांचा वाद. भगवंत उत्तराची सुरुवात कुठून करतात? गवतापासून आणि झाडांपासून. मग किडे, पतंग, मुंग्या, मग चतुष्पाद, साप, मासे, पक्षी. या प्रत्येकात जन्मतः येणारी वेगवेगळी लक्षणे असतात, ती पाहून हा अमुक, तो तमुक असे ओळखता येते, असे ते सांगतात. आणि नंतर माणसाकडे वळतात. केस, डोके, कान, डोळे, तोंड, नाक, मान, पाठ, पोट, हात, पाय, नखे, वर्ण, स्वर असा एकेक अवयव घेऊन सांगतात की माणसामाणसांत तसे वेगळेपणाचे लक्षण नाही. त्या यादीत जननेंद्रियेही आहेत. म्हणजे आज भुंगेऱ्याच्या अभ्यासकाला जिथे फरक सापडतो, तो अवयवसुद्धा त्यांनी सोडलेला नाही.

मी असे म्हणत नाही की अडीच हजार वर्षांपूर्वी भुंगेऱ्यांचे वर्गीकरण झाले होते. आपल्या ग्रंथांत सगळे विज्ञान आधीच होते, हे म्हणणे इतरांनी केले तरी हास्यास्पद आणि आपण केले तरी हास्यास्पद. मला एवढेच दाखवायचे आहे की तिथे वादाची पद्धत कोणती वापरली आहे. जो म्हणतो "हा वेगळा", त्याने लक्षण दाखवावे. लक्षण नसेल तर वेगळेपणाचा दावा मागे घ्यावा. हायड्रीनाचा अभ्यासक एका मिलिमीटरच्या किड्यासाठी वर्षवर्ष राबून हे लक्षण शोधतो, चित्र काढून छापतो आणि मूळ नमुना सर्वांना तपासण्यासाठी खुला ठेवतो. आणि आपल्या देशात माणसा-माणसांना हजारो वर्षे वेगळे ठरवले गेले, ते कुठल्या नमुन्यावर? कुठल्या संग्रहालयात तो पुरावा आहे? शास्त्राच्या पुस्तकात माणसाची एकच प्रजाती आहे, होमो सेपियन्स.

मूळ नमुन्याचा उल्लेख आला म्हणून त्याविषयी थोडे. नव्या प्रजातीचे वर्णन छापताना एक नमुना निवडून त्याला 'होलोटाइप' म्हणून जाहीर करतात. त्याला लाल चिठ्ठी लावायची प्रथा आहे. तो कुणाच्या घरी ठेवत नाहीत, संग्रहालयात ठेवतात. उद्या कुणाला वर्णन पटले नाही तर त्याने जाऊन तो पाहावा. लेखकाची पदवी कोणती, तो कुठल्या देशाचा, कुणाचा शिष्य, यावर काहीही अवलंबून नसते. धम्माच्या गुणांत 'एहिपस्सिको', या आणि पाहा, असा एक गुण आपण वंदनेत रोज म्हणतो. लाल चिठ्ठीचा तो नमुना संग्रहालयात नेमका याच कामासाठी बसलेला असतो. आपल्या देशात तर याला कायद्याचा आधार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नवीन प्रजाती शोधणाऱ्याने नेमलेल्या संस्थेला ती कळवून नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. साहेबाच्या कपाटाचे दुःख मी मघाशी सांगितले, त्यावर निदान पुढच्यासाठी हा उपाय झाला.

नाव देण्याची गंमत विद्यार्थ्यांना आवडते. नावाचे दोन भाग, पहिला वंशाचा आणि दुसरा प्रजातीचा. प्राण्यांसाठी ही पद्धत लिनिअसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरली जाते. नाव गावावरून द्या, रंगावरून द्या, कुणाच्या सन्मानार्थ द्या. फक्त स्वतःचे नाव स्वतः देणे असभ्य मानतात. बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या साबा राज्यात एका मोहिमेत हौशी लोकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून असाच बारीक पाणभुंगेरा गोळा केला आणि २०१८ साली त्याला ग्रूव्हेलिनस लिओनार्डोडिकॅप्रिओय हे नाव दिले, सिनेनट लिओनार्डो डिकॅप्रिओच्या पर्यावरणकार्यासाठी. जगभर बातमी झाली. दुसऱ्या टोकाचे उदाहरण असे की स्लोव्हेनियातील गुहेत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ साली ॲनॉफ्थाल्मस हिटलेरी हे नाव दिले गेले आणि ते आजही तेच आहे, कारण नियमानुसार दिलेले नाव केवळ वाईट वाटते म्हणून बदलता येत नाही. हिटलरचे भक्त संग्रहासाठी तो किडा पकडत सुटले आणि बिचारा धोक्यात आला. लादलेल्या नावाचे ओझे काय असते ते आपल्याला वेगळे सांगायला नको. हा नियम मला स्वतःला पटत नाही. स्थैर्यासाठी तो ठेवला आहे हे मान्य, तरीही नाही पटत.

आता दुसरे उत्तर, जे अवघड आहे.

आपण सर्वजण पंचशील घेतो. त्यातले पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे. आणि मी तुम्हाला सांगतो आहे की भुंगेरा अल्कोहोलमध्ये टाकावा. हा विरोध मी लपवणार नाही. भिक्खूंच्या आठ परिष्कारांमध्ये पाणी गाळण्याचे फडके असते, परिस्सावन. पाण्यातील बारीक जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणून ते असते. जीव असलेले पाणी जाणूनबुजून वापरू नये असा विनयाचा नियमच आहे. वर्षावासाचा उगमही असाच. पावसाळ्यात फिरताना भिक्खूंच्या पायांखाली हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम झाला. म्हणजे आपण आज ज्या निमित्ताने इथे जमलो आहोत त्यामागे या बारीक जीवांचीच काळजी आहे. भिक्खूची गाळणी आणि माझी चहाची गाळणी दिसायला सारखीच. एकीतून जीव परत पाण्यात जातो, दुसरीतून बाटलीत.

यावर शास्त्रज्ञ सहसा दोन उत्तरे देतात. एक, मूठभर नमुन्यांनी संख्येवर परिणाम होत नाही. एका बंधाऱ्याने, एका भरावाने त्यांची अख्खी वस्ती नष्ट होते. दोन, ज्याचे नाव नाही ते वाचवता येत नाही. कागदावर नसलेला जीव कुठल्याच पर्यावरण अहवालात येत नाही. ही दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण ती शीलाची उत्तरे नाहीत, हिशेबाची आहेत. अट्ठकथांमध्ये हिंसेची पाच अंगे सांगितली आहेत. प्राणी असणे, तो प्राणी आहे हे माहीत असणे, मारण्याचा हेतू, त्यासाठी प्रयत्न आणि मृत्यू. ही पाच अंगे लावली तर नमुने गोळा करणाऱ्याची सुटका नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. भन्तेजी इथे बसले आहेत, त्यांनी पुढे यावर अवश्य बोलावे.

मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगतो. घ्यायचेच तर गरजेपुरते घ्या; ट्रेमधले बाकीचे सगळे त्याच जागी, त्याच पाचोळ्यात परत सोडा आणि घेतलेला एकही नमुना चिठ्ठीवाचून वाया जाऊ देऊ नका. आणि ज्याला मारायचेच नाही, त्यानेही या शास्त्रात यावे. संग्रहालयांच्या कपाटांत वर्णनाची वाट पाहणारे नमुने ढिगांनी पडलेले आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार नमुना गोळा झाल्यापासून त्याचे नवीन प्रजाती म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. तिथे बसून कुणी आयुष्यभर काम केले तर एकही किडा न मारता तो शंभर प्रजातींना नाव देईल.

काम किती उरले आहे? पाणभुंगेऱ्यांच्या जगभरातील सुमारे १२,६०० प्रजातींची वर्णने झाली होती आणि प्रत्यक्षात १८,००० च्या आसपास असाव्यात, असा अंदाज मानफ्रेड येख आणि मायकल बाल्के या तज्ज्ञांनी २००८ साली मांडला. त्यानंतर भर पडत आहे, पण बाकी मोठीच आहे. आपल्याकडे भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ पासून आहे. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. टी. जी. वझिरानी यांनी पोहणाऱ्या पाणभुंगेऱ्यांवर मोठे काम करून ठेवले आणि १९७७ साली पूर्वेकडील देशांतल्या या कुळाची सूची प्रसिद्ध केली. पुण्याच्या मॉडर्न कॉलेजातील डॉ. हेमंत घाटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रागच्या संग्रहालयातील तज्ज्ञाबरोबर २०१८ साली महाराष्ट्रातील कोपेलाटस या वंशाच्या पाणभुंगेऱ्यांवर लेख लिहिला, त्यात तीन नव्या प्रजाती आहेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून होणारे काम आहे हे.

पालकांना मात्र मी खोटी आशा दाखवणार नाही. या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत आणि नव्या जागा सहज निघत नाहीत. मुलगा इंजिनिअर झाला तर घर उभे राहते, भुंगेऱ्यांचा अभ्यासक झाला तर कदाचित भाड्याच्या खोलीतच राहील. ज्या घरातली पहिलीच पिढी पदवीपर्यंत आली आहे, त्या घराला "शुद्ध विज्ञान घे" असे सांगण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही. पण शिक्षकाची नोकरी, बँकेची नोकरी सांभाळून हे काम करणारे लोक जगभर होते आणि आहेत. जुने संदर्भग्रंथ एकेकाळी मुंबई-कलकत्त्याच्या ग्रंथालयांत कुलपात असत. आज त्यांतले पुष्कळसे संगणकावर फुकट वाचता येतात. सूक्ष्मदर्शक तर अनेक कॉलेजांत कापडाखाली झाकूनच ठेवलेला असतो, फक्त मागायची हिंमत हवी.

आणि पाण्याविषयी एक. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्याला शिवण्याचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांना मागावा लागला. त्यांच्या नातवंडांनी आता त्या पाण्यात कोण कोण राहते याची नोंद करायला बसावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. चवदार तळ्याच काय, आपल्या तालुक्यातल्या किती तळ्यांच्या पाणभुंगेऱ्यांची साधी यादी झाली आहे, ते एकदा शोधून पाहा.

अध्यक्षांच्या परवानगीने शेवटची सूचना. येत्या रविवारी सकाळी सात वाजता विहारापासून आपण नदीकाठच्या ओढ्यावर जाणार आहोत. ती जागा राखीव वनात नाही, त्यामुळे वनखात्याची परवानगी लागत नाही. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय एक काडीही उचलायची नसते, हे कायमचे ध्यानात ठेवा. या खेपेला आपण कुठलाही नमुना घेणार नाही, फक्त ट्रेमध्ये पाहून, चित्र काढून परत सोडणार आहोत. प्रत्येकाने घरातील एक जुनी चहाची गाळणी, पांढरी ताटली, पेन्सिल आणि वही आणावी. भिंगे संस्थेकडे सहा आहेत, तिघांत एक याप्रमाणे अठरा जणांची सोय होईल. नावे सचिवांकडे द्यावीत. मुलींची नावे आधी घ्यावीत, अशी माझी त्यांना विनंती आहे. गेल्या सहलीला त्या मागे राहिल्या होत्या. पावसाचा रंग दिसला तरी येणार आहोत, फक्त ओढ्याला पूर असेल तर नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.